शी झाली, आता लिव्हरकडे बघा

माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मली तेव्हाच तिचं आतडं तुंबलेलं होतं. ते मोकळं व्हावं म्हणून एनिमा झाले, ऑपरेशन झालं, पोटावर शीची वाट काढली, आणि बरेच आठवडे ती शिरेतून जाणाऱ्या अन्नावर राहिली. आतडं मार्गी लागलं तोवर कावीळ वाढली होती आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले होते. आज ती शाळेत जाते, डब्याआधी एन्झाइमची कॅप्सूल न सांगता घेते, आणि तिचं लिव्हर ठीक आहे.

आम्ही अकोल्याचे. आमच्या भागात या आजाराचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. त्यामुळे कुणाच्या घरी असं बाळ आलं की कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन येतो. पलीकडची आई किंवा आजी पहिला प्रश्न हाच विचारते, ‘शी होईल ना हो?’ होते. बहुतेकांची होते. मला सांगायचं असतं ते त्यापुढचं. आतड्यावर उपचार चालू असताना लिव्हरकडेही रोज कुणाचं तरी लक्ष हवं, आणि त्यात आईबापांना करता येण्यासारखं बरंच काही आहे. मी डॉक्टर नाही. खालची नावं आणि आकडे डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत यासाठी आहेत, घरी डोस ठरवण्यासाठी अजिबात नाहीत.

१. पहिली काळी शी कधी झाली, हे लिहून ठेवा.

पूर्ण दिवसांचं बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत काळी, चिकट शी करतं. अठ्ठेचाळीस तास उलटले, पोट फुगलं, उलटी हिरवी आली, तर वाट बघत बसायचं नाही. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या शंभरातल्या साधारण पंधरा-वीस बाळांची ही पहिली शी इतकी घट्ट असते की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला अडकून बसते. याला मेकोनियम इलिअस म्हणतात. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०५ सालीच अशा बाळांचं स्वादुपिंडही बिघडलेलं असतं, हे पाहिलं होतं. आजाराचं सविस्तर वर्णन डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये केलं आणि त्यामागचं सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. एवढा जुना इतिहास असूनही आपल्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची या आजारासाठी तपासणी होत नाही. त्यामुळे तुंबलेलं आतडं हीच अनेकदा पहिली खूण ठरते.

२. आतडं आणि लिव्हर यांचं नातं आधी समजून घ्या.

हे मला एका तरुण निवासी डॉक्टरांनी केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावलं. आतड्यातून रक्तात जे जे उतरतं, त्यातलं बहुतेक सगळं पोर्टल शिरेने आधी लिव्हरमध्ये पोचतं. लिव्हर पित्त बनवतं आणि ते बारीक नळ्यांमधून परत आतड्यात येतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघडलेलं सीएफटीआर प्रथिन नेमकं या पित्तनळ्यांच्या अस्तरात काम करत असतं. म्हणून या बाळांचं पित्त मुळातच घट्ट आणि संथ. त्यात आतडं बंद. दूध पोटात गेलं की पित्त सोडण्याचा जो इशारा मिळतो, तोही मिळेनासा होतो. वर औषधं, जंतुसंसर्ग, शिरेतून जाणारी चरबी. एकेकटं पाहिलं तर यातलं कुठलंच संकट अवाढव्य नाही. सगळी एकाच आठवड्यात, दोन-अडीच किलोच्या जिवावर येतात.

ते चित्र माझ्याकडे अजून आहे, आणि फोनवर समजावताना मी तेच समोर ठेवते.

३. खालून दिलेलं औषधही औषधच असतं. त्याचं नाव विचारा.

‘एनिमा दिला’ एवढं ऐकून घरचे निर्धास्त होतात. एनिमात काय होतं, हे कुणी विचारत नाही. आमच्या मुलीला आधी गॅस्ट्रोग्राफिन दिलं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ते हळूहळू आत सोडतात. हेलन नोब्लेट या बालशल्यचिकित्सक बाईंनी १९६९ मध्ये ही पद्धत मांडली आणि तेव्हापासून कितीतरी बाळांचं ऑपरेशन टळलं. हे द्रावण रक्ताच्या सुमारे सहापट तीव्र असतं. ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि घट्ट शी सैल करतं. धोकाही तिथेच आहे. पाणी आतड्यात गेलं की रक्तातलं कमी होतं, आणि रक्ताभिसरण खालावलं तर किडनीपासून लिव्हरपर्यंत सगळ्यांना झळ बसते. म्हणून ते पातळ करून देतात, सोबत सलाईन चालू ठेवतात, आणि आतडं फुटलंच तर लगेच हात घालता यावा म्हणून सर्जन तयारीत असतात. सलाईन नीट चालू आहे ना, लघवी झाली का, एवढं विचारायला आईने बिचकू नये.

दुसरं नाव एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. चिकट स्राव पातळ करणारं हे औषध नाकातल्या नळीतून, एनिमातून किंवा पोटावरच्या वाटेतून देतात. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर लिव्हर वाचवायला हेच औषध वापरतात, त्यामुळे लिव्हरला त्याचा त्रास होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण सिस्टिक फायब्रोसिसच्या एका रुग्णाला ते तोंडावाटे आणि गुदद्वारातून दिल्यावर लिव्हरला इजा झाल्याची नोंद १९८७ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आली. १९९० मध्ये कॅनडातून अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाची हकिकत आली. तिथे याच औषधामुळे रक्तातलं सोडियम फार चढलं होतं. एकदोन नोंदींवरून औषध वाईट ठरत नाही. ते उपयोगी आहे आणि वापरलंही जातं. मी एवढंच म्हणेन, असं औषध पुन्हा पुन्हा द्यायची वेळ आली तर लिव्हरचे आणि क्षारांचे रिपोर्ट आधी आणि नंतर होणार आहेत का, हे विचारून घ्यावं. आमच्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग आला नाही. त्यांनी त्याच दिवशी रक्त पाठवलं.

४. टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं अन्न, जीव वाचवतं आणि लिव्हर थकवतं. दोन्ही खरं आहे.

आतडं कापून जोडल्यावर किंवा पोटावर वाट काढल्यावर बाळाला काही काळ तोंडाने काही देता येत नाही. मग साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि चरबी थेट शिरेतून. एका पिशवीत पिवळसर द्रावण, प्रकाश लागू नये म्हणून झाकलेलं, आणि शेजारच्या पंपावर चरबीची पांढरी सिरिंज. ती सिरिंज रात्रभर मिलिमीटर-मिलिमीटरने सरकताना मी पाहिली आहे. तिच्यामुळे माझी मुलगी जगली, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही.

पण जितके दिवस हे अन्न शिरेतून, तितका पित्त साचण्याचा धोका जास्त. वर्षानुवर्षं वापरात असलेली चरबी सोयाबीनच्या तेलाची. त्यातली वनस्पतिजन्य स्टेरॉल्स बाळाच्या लिव्हरमधून पित्त बाहेर पडायला अडथळा करतात. बोस्टनच्या बालरुग्णालयात माशाच्या तेलापासून केलेली चरबी देऊन अशा बाळांची कावीळ उतरते, यावर मोठं काम झालं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी तिला मान्यता दिली. सोयाबीन, ऑलिव्ह, मासा अशी मिश्र तेलंही आता असतात. कुठल्या रुग्णालयात काय मिळेल आणि खिशाला काय झेपेल, हा प्रश्न वेगळा. पण ‘डॉक्टर, कुठली चरबी चालू आहे? कावीळ वाढली तर तिचं प्रमाण कमी करता येईल का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.

याहून मोठी गोष्ट आपल्या हातातली आहे, ती म्हणजे दूध. सर्जननी परवानगी दिल्याबरोबर अगदी एक-दोन मिलिलिटर दूध नळीतून सुरू झालं तरी आतडं जागं होतं, पित्त वाहू लागतं. तेवढ्या थेंबांनी पोट भरत नाही. ते लिव्हरसाठी असतात. म्हणून बाळ उपाशी असलं तरी आईने दूध काढत राहायचं. मला दर तीन तासांनी सिस्टर आठवण करायच्या, ‘ताई, आज नाही लागणार, पण परवा लागेल. दूध आटू देऊ नका.’ ज्यांना दूध येत नाही त्यांनी जवळ दूधपेढी आहे का, ते विचारावं. आशियातली पहिली मानवी दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. आता राज्यात इतरही ठिकाणी आहेत.

आणि हात धुणं. टीपीएनच्या नळीतून जंतू रक्तात गेले तर एका तापात कावीळ दुप्पट होऊ शकते. बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत धुवायचे. बघायला आलेल्या मामा-काकांनी नाराज व्हायचं तर खुशाल व्हावं.

५. ‘कावीळ किती?’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘डायरेक्ट किती?’ असं विचारा.

नवजात बाळांची नेहमीची कावीळ निळ्या दिव्याखाली उतरते. त्यात वाढलेलं बिलिरुबिन इनडायरेक्ट असतं. लिव्हरमधून पित्त बाहेर पडत नसेल तर वाढतं ते डायरेक्ट, आणि त्यावर दिव्याचा उपयोग नाही. उलट काही बाळांची कातडी दिव्याखाली करडी-तपकिरी दिसू लागते. रिपोर्टवर दोन्ही आकडे वेगळे छापलेले असतात. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बालयकृततज्ज्ञ त्याचा तपास करायला सांगतात, आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे दिसणाऱ्या बाळाची ही तपासणी झालीच पाहिजे, असंही सांगतात. मी एका वहीत तारीख, एकूण, डायरेक्ट आणि वजन असे चार रकाने आखले होते. राउंडला डॉक्टर बदलले तरी वही तीच राहायची.

६. शीचा रंग दिवसाच्या उजेडात बघा.

रात्रपाळीच्या एका वयस्क सिस्टरांनी हे शिकवलं. ट्यूबलाइटखाली फिकट पिवळी आणि पांढरट शी सारखीच दिसते. ‘खिडकीपाशी नेऊन बघा, बाई,’ त्या म्हणाल्या. तेव्हापासून लंगोट असो की पोटावरच्या वाटेची, म्हणजे स्टोमाची पिशवी, मी सकाळच्या उजेडात बघूनच टाकत असे. पिवळी, हिरवी, मोहरीच्या रंगाची शी म्हणजे पित्त येतंय. राखाडी, खडूच्या किंवा चिकणमातीच्या रंगाची म्हणजे येत नाही. लघवीचं उलट. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी, लंगोटावर गर्द पिवळा डाग राहायला नको.

पांढरी शी दिसली की ‘टीपीएनमुळे असेल’ असं धरून कुणीच थांबू नये. बिलिअरी अट्रेझिया हा पित्तनळ्या बंद होण्याचा वेगळा आजार अगदी असाच दिसतो, आणि त्यावरचं ‘कसाई’ नावाचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर यशाची शक्यता अधिक. तैवानमध्ये २००४ पासून देशभर बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं. आई घरीच रंग जुळवून बघते. आपल्या जच्चा-बच्चा कार्डावर तसा एक रंगीत पट्टा छापायला फार खर्च येणार नाही. तो छापला जावा, असं मला मनापासून वाटतं.

७. काविळीचा घरगुती उपाय पोटात जाऊ देऊ नका.

हा मुद्दा मी सगळ्यात हळू आवाजात आणि सगळ्यात ठामपणे सांगते. आपल्याकडे काविळीचं औषध देणारं कुणीतरी प्रत्येक तालुक्यात असतं. कुणी झाडपाल्याचा रस देतं, कुणी नाकात थेंब सोडतं, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुवून ‘उतरवतं’. शी घट्ट म्हटल्यावर एरंडेल आणि बाळगुटी पुढे येतेच. सांगणारी माणसं मायेनेच सांगत असतात. पण या बाळाचं आतडं नुकतं शिवलेलं, पित्त साचलेलं, लिव्हर आधीच ताणाखाली. त्यात काय, किती गेलं, हे कुणालाच कळणार नाही आणि उद्या रिपोर्ट बिघडला तर कारणही सापडणार नाही. मधाचं बोटही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमची बाधा होऊ शकते.

सासूबाईंनी काविळीची माळ आणली होती. मी म्हटलं, ‘आई, माळ पाळण्याच्या दांडीला बांधू या. गळ्यात नको आणि पोटात तर काहीच नको.’ त्यांनी ते मानलं, आणि पुढे वहीतला शीच्या रंगाचा रकाना त्याच सांगायच्या, मी लिहायची. घरातल्या मोठ्यांना काम दिलं की त्यांची काळजी मार्गाला लागते.

८. मीठ विसरू नका.

पोटावरच्या वाटेतून पाणी आणि सोडियम सतत वाहून जातं. या मुलांच्या घामातूनही मीठ जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो, आणि अशा हवेत ही बाळं बघता बघता मलूल होतात. वजन वाढेना झालं तर सोडियम तपासायला सांगा, लघवीतलंही. घामाची चाचणीसुद्धा मिठाचीच असते. गिब्सन आणि कुक यांनी १९५९ मध्ये बसवून दिलेल्या पद्धतीने घामातलं क्लोराइड मोजतात, ६० किंवा त्याहून जास्त आलं तर आजार पक्का धरतात. बाळ दोन किलोच्या वर गेल्यावर ती नीट होते. ऑपरेशन झालं, शी झाली, आता कशाला, असं म्हणून ती टाळू नका. निदान पक्कं असेल तरच पुढे लिव्हरवर कुणी लक्ष ठेवेल.

९. एन्झाइम आणि जीवनसत्त्वं.

दूध सुरू झालं की बहुतेक बाळांना स्वादुपिंडाची एन्झाइम लागतात, आईच्या दुधासोबतही लागतात. कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे चमच्यावर थोड्या सफरचंदाच्या गरात घेऊन आधी भरवायचे, मग पाजायचं. दाणे चुरडायचे नाहीत, बाटलीत टाकायचे नाहीत, आणि हिरड्यांवर राहिलेले बोटाने पुसून काढायचे, नाहीतर तोंड सोलपटतं. शी तेलकट राहते म्हणून कुणी डोस मनाने वाढवू नये. १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी जास्त ताकदीच्या एन्झाइमवर असलेल्या मुलांचं मोठं आतडं आतून आक्रसल्याचं दाखवलं. त्यानंतर दिवसाला किलोमागे १०,००० लायपेज युनिटची मर्यादा सर्वत्र पाळली जाते.

ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. एन्झाइम नाहीत आणि पित्तही येत नाही, अशा बाळाच्या अंगी ती लागत नाहीत. त्यातलं के सगळ्यात निकडीचं. ते कमी पडलं तर रक्त गोठत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जन्माच्या वेळचं इंजेक्शन कायम पुरत नाही. सुई टोचल्या जागी रक्त थांबेना, अंगावर निळे डाग दिसले, तर रात्र असली तरी निघायचं. कावीळ असताना डॉक्टर कधी एमसीटी नावाची चरबी असलेलं दूध सुचवतात. ती चरबी पित्ताच्या मदतीशिवायही बरीचशी शोषली जाते.

१०. रिपोर्ट उतरतात, पण सावकाश.

तोंडाने पूर्ण दूध सुरू झाल्यावर बहुतेक बाळांची ही कावीळ हळूहळू जाते. एसजीपीटी, जीजीटी हे लिव्हरच्या तपासणीतले आकडे वरखाली होत राहतात. एका वाढलेल्या आकड्याने हातपाय गाळू नयेत आणि एका चांगल्या आकड्याने तपासण्या बंद करू नयेत. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल बऱ्याच बाळांना देतात, आमच्याही मुलीला दिलं. त्याने पित्त पातळ व्हायला मदत होते. पण ते पुढचा लिव्हरचा आजार टाळतं याचा भक्कम पुरावा अजून नाही, आणि हे आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं याचं मला मोल वाटतं.

सिस्टिक फायब्रोसिसच्या शंभरातल्या पाच-दहा जणांचं लिव्हर पुढे गंभीर आजारी होतं, आणि ते बहुधा बालपणात किंवा किशोरवयातच कळतं. म्हणून दर वर्षी रक्त आणि पोट तपासून घ्यायचं, लागेल तेव्हा सोनोग्राफी. सीएफटीआरवर थेट काम करणारी नवी औषधं अतिशय महाग आहेत. ती मिळाली तरी सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने लिव्हर तपासावंच लागतं. बाळपणीचे रिपोर्ट तेव्हा तुलनेला लागतात.

११. घरी सोडताना कार्डावर एवढं लिहून मागा.

बाळाला घरी न्यायच्या घाईत डिस्चार्ज कार्डावर ‘मेकोनियम इलिअस, ऑपरेशन झाले, प्रकृती स्थिर’ एवढंच राहून जातं. तेवढ्यावर निघू नका. एनिमात कुठलं औषध आणि किती वेळा दिलं, टीपीएन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चाललं, चरबी कुठल्या तेलाची होती, डायरेक्ट बिलिरुबिन सर्वांत जास्त किती झालं आणि घरी सोडताना किती होतं, व्हिटॅमिन के शेवटचं कधी दिलं, आणि लिव्हरची पुढची तपासणी कधी, हे सगळं लिहून घ्या. दोन झेरॉक्स काढा. एक वहीत चिकटवा, आणि दुसरी बाळ आजारी पडायची वाट न बघता आपल्या गावच्या डॉक्टरांकडे आजच देऊन ठेवा.